उजनीची वर्षातून एकदा येणारी ओहोटी

आयर्लंडच्या खडकाळ अटलांटिक किनाऱ्यावरील खाड्यांमध्ये समुद्र दिवसातून दोनदा मागे हटतो आणि उघड्या पडलेल्या चिखलावर पाणपक्षी चरायला उतरतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील इंदापूर तालुक्यातही हेच घडते, मात्र वर्षातून एकदाच, आणि त्याचे वेळापत्रक चंद्राऐवजी पाटबंधारे खाते ठरवते. बारामतीहून एमआयडीसीच्या बाजूने निघालेला रस्ता भिगवणला पोहोचतो, तेथून भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणाने मागे तुंबवलेल्या पाण्याचा विस्तार, जवळच आहे. 1980 साली पूर्ण झालेल्या या जलाशयाचे अधिकृत नाव यशवंतसागर असले, तरी डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या काठच्या गावांच्या तोंडी उजनी हेच नाव आहे.

उजनीत सुमारे 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी मावते, परंतु त्यातील जवळजवळ 64 टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या दरवाजांच्या पातळीखाली राहणारे पाणी असते. वापरता येणारा उपयुक्त साठा संपला, की धरण ‘मायनसमध्ये’ गेल्याचे सांगितले जाते. 2024 च्या उन्हाळ्यात ही पातळी उणे 50 टक्क्यांच्याही खाली उतरली होती. पूर्ण भरलेल्या पातळीपासून शून्य पातळीपर्यंतचे अंतर जेमतेम पावणेसहा मीटर आहे, तरीही भीमेचे खोरे येथे इतके सपाट आहे की उंचीतील एवढ्याशा घटीने काठ शेतेच्या शेते मागे सरकतो आणि उथळ पाण्याचा, दलदलीचा रुंद पट्टा उघडा पडतो.

स्थलांतरित पाहुणे येतात ते याच पट्ट्यासाठी. मोठा रोहित, ज्याला अग्निपंख किंवा सरळ फ्लेमिंगो म्हणतात, आपली वाकडी चोच पाण्यात उलटी बुडवतो, जिभेच्या झटक्यांनी चिखलपाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांमधून ते बाहेर सोडताना शेवाळ व सूक्ष्म कवचधारी जीव गाळून घेतो. त्याच्या पंखांचा गुलाबी रंगही याच अन्नातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतून येतो. असे चरणे खोल पाण्यात अवघड असल्याने पाऊस भरपूर झालेल्या आणि जलाशय उशिरापर्यंत तुडुंब राहिलेल्या वर्षी रोहितांचे थवे उशिरा उतरतात. शेतकऱ्याला सुखावणारे वर्ष पक्षिनिरीक्षकाला रुचतेच असे नाही, ही येथील गंमत आहे. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब पाण्यावर विसावत असले, तरी चरण्यासाठी ते काठाच्या शेतांतही शिरतात.

उघडी पडणारी जमीन केवळ पक्ष्यांची नसते. तिच्यावर गाळपेर होते, म्हणजे पाणी ओसरेल तसतशी ओल्या गाळात पिके घेतली जातात, आणि त्यामुळे चिखलाच्या पट्ट्यावर माणूस व पक्षी दोघेही हक्क सांगत राहतात. शिवाय पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा व इंद्रायणीतून भीमेत, आणि शेवटी उजनीत येते. त्यातील पोषकद्रव्यांवर शेवाळ आणि जलपर्णी फोफावतात. मच्छीमारांच्या जाळ्यात आता चिलापीचे प्रमाण फार आहे, आणि त्यांच्यातील अनेकांना हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून फिरवण्याचा जोडधंदा मिळाला आहे.

काठापासून दूर गेले, की मुरमाड माळ लागतो. कडबनवाडीच्या गवताळ रानात, तसेच बारामती तालुक्यातील सुपे येथे 1997 मध्ये घोषित झालेल्या, सुमारे 5 चौरस किलोमीटरच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आढळतो, आणि धनगरांच्या मेंढ्यांच्या वाटेवर लांडगाही असतो. सरकारी दप्तरात अशा माळांची नोंद बहुधा पडीक अशी होते, जी वास्तवाशी मुळीच जुळत नाही.

भादलवाडीचा तलाव या सर्वांहून लहान, पण उजनीशी घट्ट बांधलेला आहे. त्यातील बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात आणि पिलांसाठी उजनीतून मासे आणतात. बाभळींभोवतीचे पाणी हेच जमिनीवरून येणाऱ्या शत्रूंपासूनचे संरक्षण असल्याने तलाव कोरडा राहिलेल्या वर्षी उजनीत मासे असूनही चित्रबलाक तेथे घरटी बांधत नाहीत.