मेंदूची शस्त्रक्रिया संपली, जबाबदारी घरी आली

मेंदूतील गाठ काढली, रुग्ण शुद्धीवर आला, हातपाय हलवू लागला, की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. गुंतागुंत नसेल तर काही दिवसांतच घरी जाण्याची परवानगी मिळते. पुण्यातील रुग्णालयातून निघालेली गाडी कात्रज ओलांडून, खेड-शिवापूरमार्गे भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकला पोहोचते, तेव्हा ‘आता सगळे सुरळीत झाले’ अशी घरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात बरे होण्याचा सर्वांत लांब टप्पा त्या दिवसापासून सुरू होतो. अतिदक्षता विभागात यंत्रे आणि परिचारिका ज्या गोष्टींवर लक्ष ठेवून होत्या, त्यांवर आता घरातील माणसांना लक्ष ठेवावे लागते.

या टप्प्याचे महत्त्व वैद्यकाच्या इतिहासानेच दाखवून दिले आहे. लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १८८४ रोजी रिकमन गॉडली या शल्यविशारदाने एका तरुणाच्या मेंदूतील गाठ काढली. केवळ लक्षणांवरून गाठीची जागा ओळखून केलेली ती शस्त्रक्रिया गाजली. गाठ निघाली, रुग्ण शुद्धीवरही आला. परंतु जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि सुमारे चार आठवड्यांनी त्याचा मृत्यू झाला. आज प्रतिजैविके, स्कॅन आणि सूक्ष्मदर्शक यंत्रांमुळे परिस्थिती पार बदलली आहे. तरीही शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे नाजूकच असतात.

अंथरूण धरून राहणे म्हणजे विश्रांती नव्हे

शस्त्रक्रियेनंतर येणारा थकवा साध्या अशक्तपणाहून वेगळा असतो. अंघोळ करून कपडे बदलले तरी रुग्ण दमतो. आवाज, प्रखर उजेड आणि एकाच वेळी चाललेले बोलणे सहन होत नाही. हा थकवा अनेक आठवडे, काहींच्या बाबतीत काही महिने टिकतो. रेडिएशन सुरू झाल्यावर तो पुन्हा वाढू शकतो. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा ठरलेली झोप, डोके थोडे उंच राहील अशी उशी आणि रस्त्याच्या गोंगाटापासून दूरची खोली आवश्यक असते. महामार्गालगतच्या गावात घराच्या मागील बाजूची खोली त्यासाठी सोयीची ठरते.

मात्र सतत झोपून राहणेही घातक आहे. हालचाल थांबली की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून घरातल्या घरात, नंतर अंगणात थोडे थोडे चालावे. पाच मिनिटांपासून सुरुवात करून रोज थोडी वाढ करणे पुरेसे असते. सोबत कोणीतरी असावे, कारण तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. पाण्याची भरलेली कळशी किंवा धान्याचे पोते उचलणे, कमरेत वाकून केर काढणे, शौचाच्या वेळी कुंथणे या गोष्टींमुळे डोक्यातील दाब वाढतो. त्या टाळाव्यात. बद्धकोष्ठता होऊ नये म्हणून पाणी, पालेभाज्या आणि फळे आहारात असावीत. खाली बसण्याच्या शौचालयाऐवजी काही दिवस कमोडची खुर्ची वापरल्यास रुग्णाला सोपे जाते.

गावाकडे भेटीला येणाऱ्यांची रीघ लागते. त्यामागे आपुलकी असते, पण रुग्णाची झोप मोडते आणि सर्दी-खोकल्याचा संसर्गही होऊ शकतो. भेटीची वेळ ठरवून, एका वेळी एक-दोघांनाच दहा मिनिटे बसू द्यावे. हे सांगण्याचे काम रुग्णावर न टाकता घरातील वडीलधाऱ्यांनी करावे.

गोळ्या स्वतःहून बंद नकोत

मेंदूची सूज उतरावी म्हणून बहुतेक रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. ते बरेच दिवस घेतल्यास शरीराची स्वतःची स्टेरॉइड निर्मिती मंदावते. अशा वेळी गोळी एकाएकी थांबवली तर रक्तदाब उतरणे, उलट्या आणि कमालीची अशक्तता येऊ शकते; मेंदूची सूजही परत वाढू शकते. म्हणून डॉक्टर त्याची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. हे औषध जेवणानंतर घ्यावे. दिवसाची शेवटची मात्रा उशिरा घेतल्यास झोप उडते, त्यामुळे वेळांबाबत डॉक्टरांना विचारावे. त्याने भूक आणि रक्तातील साखर वाढते. मधुमेहींनी साखर वारंवार तपासावी आणि भेटीला आलेल्यांचे पेढे बाजूला ठेवावेत.

फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्यांचेही तसेच आहे. काहींना त्या थोडेच दिवस लागतात, काहींना वर्षानुवर्षे. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या बंद करणे हे पुन्हा फिट येण्याचे एक नेहमीचे कारण आहे. डोके दुखते म्हणून दुकानातून आणलेली अॅस्पिरिनसारखी गोळी घेऊ नये, तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

टाके साधारणपणे सात ते चौदा दिवसांत काढले जातात. तोवर जखम कोरडी ठेवावी. तिच्यावर तेल, हळद अथवा लेप लावू नये. डोक्याला मालिश करण्याची घाई तर मुळीच नको. नाकावाटे पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथीची गाठ काढली असल्यास नाक शिंकरू नये आणि शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी. अशा रुग्णाला फार तहान लागून वारंवार लघवी होत असेल किंवा आठवड्याभराने मळमळ आणि गुंगी आली, तर शरीरातील क्षार तपासून घ्यावे लागतात.

फिट आल्यास कांदा नको

फिट आल्यावर कांदा हुंगवणे, तोंडात चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे हे प्रकार आजही घडतात. त्यांचा उपयोग नाही, उलट दात तुटण्याचा आणि श्वास अडकण्याचा धोका असतो. रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवाव्यात, मानेजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला असेल तर सांगितल्याप्रमाणे वापरावा. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली, लागोपाठ आली किंवा रुग्ण शुद्धीवर आला नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टर परवानगी देईपर्यंत रुग्णाने एकट्याने विहिरीवर, नदीवर किंवा चुलीपाशी जाऊ नये आणि न्हाणीघराला आतून कडी लावू नये. वाहन चालविणे पूर्ण बंद ठेवावे. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या घोषणापत्रात अपस्माराबद्दल आणि अचानक शुद्ध हरपण्याबद्दल स्पष्ट विचारलेले असते. गावातल्या गावात दुचाकी नेण्यालाही ही खबरदारी लागू आहे.

न दिसणारी जखम

सर्वांत कठीण भाग असतो तो स्वभावातील बदलांचा. गाठ मेंदूच्या पुढील भागात असेल तर माणूस चिडका किंवा उदासीन होऊ शकतो. डाव्या बाजूला असेल तर बहुतेकांना शब्द आठवत नाहीत. विसरभोळेपणा आणि एकाग्रता न होणे तर सर्रास आढळते. टाके भरून केस उगवले, की घरच्यांना माणूस पूर्वीसारखा दिसू लागतो आणि ‘नाटक करतो’ किंवा ‘आळस चढला’ असे शब्द निघतात. सुनेच्या वाट्याला ही विश्रांती त्याहून कमी येते. उभी राहू लागली की ती स्वयंपाकघरात दिसते. या तक्रारी मेंदूला झालेल्या इजेतून आणि सुजेतून येतात, त्यात रुग्णाचा दोष नसतो. त्यांतल्या बऱ्याच हळूहळू कमी होतात. वाचाउपचार, फिजिओथेरपी आणि गरज पडल्यास मानसोपचार यांनी मदत होते. वही, भिंतीवरचे वेळापत्रक आणि एका वेळी एकच काम एवढ्यानेही दिवस सुकर होतो.

पुढची वाट

काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल हा पुढच्या उपचारांचा पाया असतो. गाठ कर्करोगाची निघाल्यास रेडिएशन बहुधा तीन ते सहा आठवड्यांत सुरू करतात. घरची विश्रांती ही त्याचीच तयारी असते. त्यामुळे अहवाल, एमआरआयची चित्रे आणि घरी सोडतानाचे कार्ड एकाच पिशवीत ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा १ जुलै २०२४ पासून प्रतिकुटुंब दरवर्षी पाच लाख रुपये झाली आहे. नंतरचे कोणते उपचार तीत बसतात, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावे. रक्तदाब, साखर किंवा जखम पाहण्यासाठी नसरापूरचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि भोरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी लगेच संपर्क साधावा: ताप आणि मान आखडणे, जखम लाल होणे, सुजणे किंवा तिच्यातून पू येणे, जखमेतून वा नाकातून पाण्यासारखा स्राव, वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, गुंगी किंवा गोंधळलेले बोलणे, हातापायात नव्याने आलेली कमजोरी, एका पोटरीला सूज, अचानक धाप लागणे. ही यादी आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून रुग्णाच्या खोलीत लावावा, म्हणजे रात्री-अपरात्री घरातील कोणालाही निर्णय घेता येईल.