पेशव्यांची हद्दपारी आणि बिठूरची मराठी वस्ती

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता भीमा नदी ओलांडतो त्या ठिकाणी कोरेगाव भीमा हे गाव आहे. नदीच्या अलीकडे, पेरण्याच्या बाजूस, जयस्तंभ उभा आहे. 1 जानेवारी 1818 रोजी येथे झालेल्या लढाईत कंपनीच्या ज्या शिपायांनी दिवसभर गाव लढविले, त्यांतील मृतांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्या नावांत महार शिपायांची नावे पुष्कळ आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे येऊन गेले, आणि तेव्हापासून दरसाल त्या दिवशी लोक फार मोठ्या संख्येने या स्तंभास वंदन करण्यासाठी जमतात. त्या शौर्याची कथा आता घरोघर माहीत झाली आहे. त्याच दिवशी नदीच्या परिसरातून दक्षिणेकडे वळलेल्या दुसऱ्या बाजीरावाचे आणि त्याच्या मागोमाग निघालेल्या हजारो माणसांचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः महाराष्ट्रातून झालेली ती एक मोठी हद्दपारीच होती.

पुणे तर त्याआधीच, नोव्हेंबर 1817 मध्ये, हातचे गेले होते. कोरेगावानंतर पाच महिने बाजीराव पळतच राहिला. फेब्रुवारीत सातारा पडले. त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले कामास आले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. सरदार एकामागून एक बाजूला झाले. शेवटी जून 1818 च्या आरंभी, अशीरगडच्या मुलखात, बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. अटी थोडक्यात अशा होत्या: दक्षिणेतील सत्तेवरचा हक्क त्याने स्वतःसाठी व वंशजांसाठी कायमचा सोडावा, काशीस किंवा हिंदुस्थानातील दुसऱ्या एखाद्या क्षेत्री जाऊन राहावे, आणि त्याबद्दल कंपनीने त्याला सालीना आठ लाखांहून कमी नाही इतका तनखा द्यावा. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यास ही रक्कम फार वाटली. माल्कमचे म्हणणे असे की, लढाई आणखी काही महिने चालली असती तर याहून जास्त खर्च झाला असता. हिशेब म्हणून ते खोटे नव्हते.

शरण आल्यावर थोड्याच दिवसांत बाजीरावाच्या अरब शिपायांनी थकलेल्या पगारासाठी त्याच्या तळालाच वेढा घातला. ज्याच्या हाती तो नुकताच राज्य देऊन बसला होता, त्या माल्कमनेच मध्ये पडून त्याची सुटका केली. हद्दपार माणसाला पहिला धडा मिळाला तो हाच. आता आपले रक्षण करणारा आणि आपल्यावर पहारा ठेवणारा हे एकच, असे त्याला दिसून आले.

राहण्याचे ठिकाण म्हणून शेवटी कानपूरजवळचे बिठूर ठरले. या निवडीत दोन्ही पक्षांची सोय होती. बिठूर म्हणजे ब्रह्मावर्त. ब्रह्मदेवाने येथे यज्ञ केला अशी श्रद्धा आहे, वाल्मीकींचा आश्रम येथेच दाखवितात, आणि गंगा तर दाराशी वाहते. राज्य गेलेल्या ब्राह्मणास पुण्य जोडण्यास याहून चांगले स्थान कोणते? इंग्रजांच्या दृष्टीने पाहिले तर कानपूरची मोठी छावणी तेथून काही कोसांवर होती. लेफ्टनंट जॉन लो याच्या देखरेखीखाली 1819 च्या आरंभी बाजीराव तेथे पोचला, आणि मरेपर्यंत त्याच्यावर एक इंग्रज कमिशनर नेमलेला राहिला. कोण भेटावयास आले, पत्रे कोठे गेली, यात्रेस कोठवर जावे, या सर्वांवर त्याची नजर असे.

पण एकटा बाजीराव म्हणजे बिठूर नव्हे. त्याच्याबरोबर कारकून, भिक्षुक, वैद्य, आचारी, शागीर्द, शिलेदार, आणि या सर्वांची कुटुंबे होती. पुण्यास त्यांची चाकरी संपली होती. नव्या अमलात जागा मिळेल याचा भरवसा नव्हता. बाजीरावानेच बांधलेल्या विश्रामबागवाड्यात 1821 साली कंपनीने संस्कृत पाठशाळा उघडली, आणि जुन्या दक्षिणेचा पैसा त्या कामी लावला. मागे राहिलेल्यांपैकी काहींना त्यामुळे आधार मिळाला. ज्यांना तो मिळाला नाही, किंवा ज्यांचे पेशव्यांशी नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे होते, त्यांनी गंगेचा रस्ता धरला.

येवल्याचे पांडुरंगपंत टोपे हे त्यांपैकी एक. त्यांचा लहान मुलगा रामचंद्र पुढे तात्या टोपे म्हणून प्रसिद्ध झाला. कर्जतजवळच्या वेणगावचे माधवराव भटही आले. त्यांच्या धोंडोपंत या मुलास 1827 साली बाजीरावाने दत्तक घेतले, तेच नानासाहेब. मोरोपंत तांबे हे काशीस बाजीरावाचा भाऊ चिमाजी आप्पा याच्या पदरी होते. आप्पांच्या मृत्यूनंतर तेही बिठूरला आले. बरोबर त्यांची मुलगी मनू होती. 1842 साली झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी तिचा विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. या विवाहाकडे केवळ इतिहासातील प्रसिद्ध प्रसंग म्हणून पाहू नये. मुलींना स्थळे कोठून आणावीत हा हद्दपार वस्तीचा फार मोठा प्रश्न असतो. बिठूरकरांना ग्वाल्हेर, झाशी, सागर, इंदूर अशी मराठी ठिकाणे उत्तरेतच होती. सोयरीक तेथे जुळे, भिक्षुकी तेथे चाले, आणि चाकरी सुटली तर नवी चाकरीही तेथेच शोधता येई. अठराव्या शतकातील मोहिमांनी पसरलेले जाळे अशा रीतीने निराश्रितांच्या उपयोगी पडले.

बाजीरावाने आपल्या परीने गंगेकाठी पुणेच उभारण्याचा प्रयत्न केला. वाडा बांधला, ब्राह्मणभोजने घातली, दानधर्म चालू ठेवला, लग्नेही केली. 1832 च्या एका कायद्याने त्याच्या जागेस कंपनीच्या दिवाणी-फौजदारी कोर्टांतून सूट मिळाली, तेव्हा त्या मर्यादित जागेत का होईना, त्याचा शब्द पुन्हा चालू लागला. अफगाण युद्धाच्या वेळी त्याने कंपनीला पाच लाख रुपये कर्जाऊ दिले. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच संकटात पैसे देणारा हा पेशवा भित्रा म्हणावा की समजूतदार, यावर वाद होऊ शकेल. एक गोष्ट मात्र दिसते की, आपले सारे जीवन कोणत्या दोरीवर टांगलेले आहे हे त्याला नेमके ठाऊक होते.

ती दोरी म्हणजे आठ लाखांचा तनखा. वस्तीत शेती करणारा, व्यापार करणारा, इंग्रजी शिकून कचेरीत शिरणारा वर्ग तयार झालाच नाही असे म्हणता येणार नाही. पण बहुतेक चुली बाजीरावाच्या खजिन्यावर पेटत होत्या. हल्लीच्या काळातले एक उदाहरण घेतले तर फरक लक्षात येतो. अमेरिकेच्या सरहद्दीला लागून मेक्सिकोचे तिहुआना हे शहर आहे. अमेरिकेतून घालवून दिलेली असंख्य माणसे तेथे उतरतात. त्यांतील कित्येकांचे सारे बालपण अमेरिकेत गेलेले असते. मायदेश म्हणून ज्या देशात त्यांना ढकलले जाते, त्याची भाषाही ती अडखळत बोलतात. परंतु त्यांचे इंग्रजी अस्खलित असते, म्हणून अमेरिकन गिऱ्हाइकांशी टेलिफोनवर बोलण्याच्या कचेऱ्यांत त्यांना काम मिळते. सरहद्दीचे कुंपण थेट समुद्रात उतरलेले रोज पाहत ती तेथे राहतात. त्यांच्याजवळ निदान विकण्याजोगे स्वतःचे काहीतरी असते. बिठूरच्या आश्रितांजवळ पेशव्यांशी असलेले नाते हेच भांडवल होते, आणि त्याला गिऱ्हाईक एकच होते.

28 जानेवारी 1851 रोजी बाजीराव वारला. लॉर्ड डलहौसीने निर्णय दिला की तनखा केवळ त्याच्या हयातीपुरता होता. 33 वर्षांत त्याला पुष्कळ पैसा मिळाला असून शिल्लक कुटुंबास पुरेशी आहे. नानासाहेबांचे म्हणणे असे की, राज्य वंशजांसह कायमचे घेतले, तर मोबदला तेवढा एका माणसापुरता कसा? कराराच्या शब्दांत संदिग्धता होती हे खरे. पण ज्या वस्तीत हजारो माणसे त्या तनख्यावर जगत होती, ती वस्ती सरकारच्या डोळ्यांसमोर तीस वर्षे उभी होती, हेही तितकेच खरे. विलायतेत डायरेक्टरांकडे अर्ज गेला. 1853 साली अजीमुल्लाखान वकील म्हणून लंडनला गेला. उपयोग झाला नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंहांसाठी रंगो बापूजींनी त्याच शहरात वर्षानुवर्षे खेटे घातले होते, तोच हा अनुभव.

बिठूरला वाढलेल्या पिढीची स्थिती यामुळे विचित्र झाली. नानासाहेब आणि तात्या यांनी दक्षिण सोडली तेव्हा ते अगदी लहान होते. मनूचा तर जन्मच काशीचा. पुणे त्यांना वडील मंडळींच्या बोलण्यातूनच माहीत. बापांना हद्दपारीत पोटापाण्याची हमी होती. मुलांना हद्दपारी तेवढी वारसा म्हणून मिळाली, हमी मिळाली नाही. 1857 च्या उठावाची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व एका तनख्यात शोधणे चुकीचे होईल. पण जुलै 1857 च्या आरंभी बिठूरला पेशवाईची द्वाही फिरली, तेव्हा ज्या पिढीने ती फिरविली तिला गमावण्यासारखे फारसे उरले नव्हते, एवढे निश्चित. कानपूरला दोन्ही पक्षांकडून झालेल्या कत्तलींनी त्या पर्वाला जो डाग लागला, तो झाकण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी इंग्रज फौजेने बिठूर घेतले. डिसेंबरात पुन्हा येऊन वाडा जमीनदोस्त केला आणि विहिरी उपसून खजिना बाहेर काढला. नानासाहेब नेपाळच्या तराईकडे गेले. तात्यांना एप्रिल 1859 मध्ये शिप्रीस फाशी झाली. उरलेली मराठी कुटुंबे मिळेल तिकडे पांगली. थोडी तेथेच गंगेकाठी टिकून राहिली आणि पुढच्या पिढ्यांत हिंदी बोलू लागली.

याच काळात पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले होते आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केले. उत्तरेतील मराठी कुटुंबांची त्या दिवसांतली धावपळ त्यात एका भिक्षुकाच्या नजरेने टिपलेली आहे. मिळवलेले धन वाटेत लुटले गेले. पण विष्णुभटांना परत जाण्यासाठी गाव होते. त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली, चालत वरसईला आले, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.