बोटभर सागवान

घरात फर्निचरचं काम संपत आलं की मिस्त्री शेवटच्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारतो, "तुकडे ठेवाचे का फेकाचे, भाऊ?" नागपूरच्या प्रतापनगरात या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांतून "फेका" असंच येतं. पोतं भरतं, फाटकाबाहेर जातं आणि दोन दिवसांत कोणाच्या तरी चुलीला लागतं. त्या पोत्यात बोटभर लांबीचे, दोन बोटं रुंदीचे जे तुकडे असतात, त्यांतून फ्रिजवर चिकटवायचे मॅग्नेट आणि किल्ल्यांचे कीचेन घडवण्याची कारागिरी दिसायला पोरखेळ वाटते. लाकडाची खरी परीक्षा मात्र याच आकारात होते. पलंगाच्या पायात दडून जाणारी चूक कीचेनमध्ये दडत नाही. तो मोडतोच.

आधी पोत्यात काय काय निघतं ते पाहू. प्लायवूडची कात्रणं सगळ्यांत जास्त असतात, पण ती या कामाला फारशी उपयोगी नाहीत. छोटा आकार कापताना कडेचे थर सुटतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि डिंक यांची दाबलेली वडीच, पाणी लागलं की फुगते. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीतून येणाऱ्या पॅलेटच्या फळ्या पाइनच्या असतात, मऊ आणि कापायला सोप्या. त्यांच्यावरचा शिक्का मात्र वाचावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटं तापवून कीडमुक्त केलेलं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते बाजूला ठेवावं.

आणि मग हाती लागतो सागवान. प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर या पट्ट्यातली जुनी बैठी घरं पाडून तिथे फ्लॅट स्कीम उभ्या राहतात तेव्हा दारांच्या चौकटी उखडल्या जातात. कित्येक वर्षं घराच्या आत वाळलेलं असं लाकूड आज वखारीत मागूनही सहज मिळत नाही. वरून ते काळपट, रंगाची पुटं चढलेलं दिसतं. रंध्याचे दोन हात फिरवले की खालून सोनेरी तपकिरी रंग आणि चामड्यासारखा तो ओळखीचा वास वर येतो.

नागपूरला सागाचं अप्रूप नाही. शहरात लकडगंज नावाचा अख्खा भाग लाकडाच्या बाजाराने ओळखला जातो. बल्लारशाहच्या डेपोतून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी साग गेला. त्याच वर्षी २८ मे रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनातला साग नागपूरचा होता. मोठ्या कामांच्या बातम्या होतात. त्याच जातीच्या लाकडाचा बोटभर तुकडा मात्र पोत्यातून चुलीत जातो.

छोट्या लाकडी वस्तूची परंपराही नागपूरला बाहेरून आणावी लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा भरतो. लेकरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून ओढत नेतात, घरोघरी फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केल्याचं सांगितलं जातं. त्या दिवसांत बाजारात तळहातावर मावणाऱ्या नंदीपासून लेकराच्या उंचीहून मोठ्या नंदीपर्यंत सगळे मांडलेले असतात. एखादा छोटा नंदी हातात घेऊन त्याचे पाय निरखून पाहावेत. लाकडाच्या रेषा खुरापासून पोटाकडे उभ्या धावत असतील तर तो नंदी धाकट्या भावालाही पुरतो. रेषा आडव्या असतील तर पहिल्याच उंबरठ्यावर पाय निखळतो.

या कारागिरीचं सगळं गणित या रेषेत आहे. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी. जुडी ओढून तुटत नाही, पण दोन काड्या एकमेकींपासून सहज सुटतात. कीचेनला रोज ओढ बसते, आणि ती कडीच्या भोकावर बसते. म्हणून रेषा कीचेनच्या लांबीत हवी आणि भोक टोकापासून आत हवं. तीन मिलिमीटरच्या भोकापुढे निदान तेवढंच, शक्यतो दुप्पट लाकूड सोडावं. रेषा आडवी ठेवून कापलेला कीचेन कितीही सुबक दिसला तरी एक दिवस किल्ल्या खिशात आणि तुकडा रस्त्यावर अशी गत होते. नंदीचं शिंग, माशाची शेपटी, पक्ष्याची चोच, जो भाग निमुळता असेल त्याच्या लांबीत रेषा यावी असा नमुना तुकड्यावर फिरवून बसवायचा. नमुना आधी काढून मग लाकूड शोधणारा नवखा असतो. सरावलेला माणूस आधी तुकडा वाचतो आणि मग ठरवतो, यातून संत्रं काढायचं की नागपूरच्या झिरो माइलचा खांब.

कापणीतही हिशेब आहे. यंत्राच्या गोल करवतीचं पातं साधारण तीन मिलिमीटर लाकूड खातं. सहा मिलिमीटरची चकती काढायची तर दर चकतीमागे तिच्या निम्म्याइतका भुसा पडतो. अडतीस मिलिमीटरच्या तुकड्यातून यंत्रावर चार चकत्या निघतात. हातकरवत दीड मिलिमीटरवर भागवते, तिथे पाच निघतात. भंगारातून काम करणाऱ्याला ती पाचवी चकती फुकट मिळते, बदल्यात खांदा दुखतो. शिवाय इतका लहान तुकडा हाताने धरून फिरत्या पात्याजवळ न्यायचाच नसतो. तो शिकंज्यात धरावा, नाहीतर लांब पट्टीवरच आकार पूर्ण करून शेवटी तोडावा.

मग घासणं. ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने करवतीच्या खुणा काढायच्या, एकशेवीस, एकशेऐंशी करत दोनशेवीसवर यायचं. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. घासायचं रेषेच्या दिशेने, हे पुन्हा आलंच. तोंडाला मास्क हवा. लाकडाच्या बारीक धुळीने कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि ही धूळ चार भिंतींच्या खोलीत बराच वेळ तरंगत राहते.

मॅग्नेटच्या पाठीत बसणारं लोहचुंबक दोन जातींचं मिळतं. काळं फेराइट स्वस्त असतं, पण जाड. चकचकीत चंदेरी ते निओडिमियम. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचं हे चुंबक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सुमितोमो कंपनीत मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधलं. दहा मिलिमीटर व्यासाची, दोन मिलिमीटर जाडीची टिकली लाकडाचा तुकडा आणि वर दोन-तीन कागद सहज पेलते. तिच्यासाठी सपाट बुडाचं भोक पाडायचं आणि टिकली पाठीच्या पातळीशी आणायची. खोल गेली तर ओढ झपाट्याने घटते, चुंबक आणि पत्रा यांच्यामधला अर्धा मिलिमीटरही जाणवतो. साध्या प्रतीचं निओडिमियम ८० अंशांपर्यंतच भरवशाचं, म्हणून गॅसजवळच्या पत्र्यावर ते लावू नये. काचेच्या दाराच्या फ्रिजवर तर काहीच चिकटत नाही. तिथे लोखंडी कपाट कामी येतं.

टिकली सुटून फ्रिजवर आणि लाकूड फरशीवर, ही या धंद्यातली नेहमीची तक्रार. सागात तेल असतं आणि टिकलीवर निकेलचा गुळगुळीत मुलामा, त्यामुळे डिंक दोघांनाही नीट धरत नाही. थिनरच्या बोळ्याने भोक पुसायचं, टिकलीची पाठ पेपरने खरवडायची आणि दोन नळ्यांतला इपॉक्सी कालवून भरायचा. झटपट चिकटणारा डिंक कडेला पांढरी भुकटी सोडतो आणि आपटलं की तडकतो. इथे कंजुषी नको. दोन सुट्या टिकल्या लेकराने गिळल्या तर त्या आतड्याच्या दोन घड्या चिमटून धरतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. लहान मूल असलेल्या घरात नंदी चाकांवरचाच बरा.

शेवटी तकाकी. पळसावर आणि कुसुमावर वाढणाऱ्या किड्यांची लाख पूर्व विदर्भाच्या ओळखीची. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडी बोळ्याने हात दिले की साग आतून उजळतो. मॅग्नेटला ती शोभते, कीचेनला टिकत नाही. हाताला लावलेलं सॅनिटायझर तिला पुन्हा विरघळवतं. कीचेनला जवसाचं तेल आणि वर मेण बरं. तेलाचा बोळा मात्र चुरगळून टाकू नये. ते तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेते. चिंधी पसरून वाळवावी.

जुनी चौकट करवतीखाली घेण्याआधी आणखी एक काम असतं. रंगाखाली मोडलेले खिळे दडलेले असतात आणि एक खिळा नव्या पात्याचे दात घालवतो. म्हणून पाठीत बसवायची तीच निओडिमियमची टिकली दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवायची. ती झुकली की तिथे खिळा. चौकटीच्या वरच्या पट्टीवर ती हमखास दोन टोकांना झुकते. तोरणाचे खिळे. चिमट्याने ओढून काढले की मागे भोक उरतं आणि त्याभोवती निळसर काळं वलय, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांनी मिळून उमटवलेलं.

ही भोकं लाकूडभुकटीने बुजवून टाकायची रीत आहे. मी बुजवत नाही. वरच्या पट्टीची रेषा आडव्या लांबीत धावते, म्हणजे भोक टोकाजवळ ठेवून पट्टीच्या लांबीतच कीचेन आखला की रेषा आपोआप हवी तशी येते. समोरून मागे पातळ चकत्या काढल्या तर खिळा जितका खोल गेला होता तितक्या चकत्यांत भोक तयारच मिळतं. गिरमिटाने ते तीन मिलिमीटर करून घ्यायचं, वलय तेवढं राखायचं. घरात भावंडं जितकी, तितके कीचेन बहुधा एकाच खिळ्यातून निघतात. मग त्यात कडी ओवायची आणि कडीत नव्या फ्लॅटची किल्ली.