हार्लन काउंटी, यू.एस.ए. (माहितीपट)

'हार्लन काउंटी, यू.एस.ए.' हा बार्बरा कॉपल दिग्दर्शित अमेरिकन माहितीपट १९७६ साली प्रदर्शित झाला. केंटकी राज्यातील ब्रुकसाइड येथील कोळसा खाणकामगारांनी १९७३ साली पुकारलेला संप हा त्याचा विषय होय. राष्ट्रीय कामगार संघटनेशी करार करण्यास कंपनीने नकार दिल्याने सुरू झालेला हा संप वर्षभराहून अधिक काळ चालला.

माहितीपटात निवेदकाचा आवाज नाही. खाणीतील धोके, कोळशाच्या धुळीने जडणारा फुप्फुसांचा विकार आणि नळाविना असलेली कंपनीची घरे यांविषयी कामगार व त्यांचे कुटुंबीय स्वतःच बोलतात. न्यायालयाने खाणीच्या फाटकावरील संपकऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, तेव्हा त्यांच्या स्त्रिया रस्ता अडवून उभ्या राहिल्या. माहितीपटाचा सर्वांत प्रभावी भाग या स्त्रियांचाच आहे. चित्रीकरण पथक त्यांच्यासोबतच असल्याने पहाटेच्या अंधारात झालेल्या हल्ल्यात कॉपल यांनाही मारहाण झाली. एका तरुण कामगाराचा गोळी लागून मृत्यू झाला, त्यानंतरच कंपनीने करारावर सही केली.

सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर पुरस्कार या चित्रपटास मिळाला. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.