खिशातील चाकूची धार

सातपुड्यात धडगावकडे कैऱ्या सोलून, चिरून व वाळवून आमचूर करितात. कचेरीत पेन्सिलीकरिता अतिशय पातळ धार दिलेला माझा चाकू मी या कामास लाविला. कोयीवर आदळताच पात्यास दाते पडले. उलटपक्षी, धार जाड ठेविल्यास जोर अधिक लागतो व पाते निसटून बोट कापते. यास्तव प्रत्येक बाजूस सुमारे २० अंशांचा कोन ठेवावा. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा निम्मा दुमडला म्हणजे साडेबावीस अंश होतात. त्याहून पाते किंचित निजवून ओल्या धारेच्या दगडावर दोन्ही अंगांनी सारखेच घासावे. कैरीच्या आंबटाने लोखंड काळवंडते, सबब चाकू लागलीच धुऊन पुसावा. तो धरणारा हात बहुधा घरच्या मायबहिणींचा असतो, हे कृषिबंधूंनी ध्यानी ठेवावे.