हवेतला नळ

आमच्या इमारतीत हल्ली पाण्यावरून भांडणे होत नाहीत, वायफायवरून होतात! “शेजारी आमचा वेग खातात,” ही तक्रार मी जिन्यात नेहमी ऐकतो. ती अगदीच खोटी नाही. भिंती ज्याच्या त्याच्या, पण हवा सर्वांची. आणि एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावे लागते.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरील यंत्रांना एकच लहर वाटून दिली. दोन संदेश आदळले, की प्रत्येकाने कमीअधिक थांबून पुन्हा पाठवायचे. १९९७ च्या वायफाय नियमांत आणखी एक शिष्टाचार आहे: आधी कान द्यावा, शांतता असेल तरच बोलावे.

यामुळे पाळी सर्वांना सारखी मिळते. मग अडते कुठे? चाळीतला नळ आठवा. प्रत्येकी एक हंडा, हा नियम. पण एकीच्या हंड्याचे तोंड इतके अरुंद, की भरायला अकरापट वेळ! तसेच येथे. एक यंत्र सेकंदाला ११ मेगाबिट पाठवते, दुसरे दूरच्या खोलीतून जेमतेम १. पाळीपाळीने पाठवले, तर बारातले अकरा भाग वेळ मंद यंत्रच घेते, आणि चपळ यंत्रही १ मेगाबिटच्या खाली येते!

म्हणून काही रूटर पाळीऐवजी वेळ सारखा वाटतात; पण तो आपल्याच घरातल्या यंत्रांत. शेजाऱ्यांनी मात्र एकत्र बसावे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींच्या वाटेत येत नाहीत; त्या वाटून घ्याव्यात. आणि दूरच्या खोलीतले यंत्र रूटरजवळ आणावे. त्यात आपल्याइतकेच शेजाऱ्याचेही भले आहे.