विद्युत्‌घटमालेवर चालणारी साखळी-करवत

उन्हाळ्यात दिल्लीवर धुळीची वादळे येतात आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबांच्या व जांभळांच्या फांद्या मोडून पडतात. त्या कापण्यास आता विद्युत्‌घटमालेवर, म्हणजे बॅटरीवर, चालणारी साखळी-करवत मिळते. पेट्रोलच्या करवतीप्रमाणे ती धूर सोडीत नाही. हिवाळ्यात धुरकटून जाणाऱ्या या शहरात हा गुण लहान नव्हे. परंतु घरगुती व व्यावसायिक करवतींत भेद कोणता?

लिथियम-आयन घटाचा विद्युत्‌दाब सुमारे ३.६ व्होल्ट असतो. असे ५ घट एकापुढे एक जोडले म्हणजे १८ व्होल्ट, आणि १० जोडले म्हणजे ३६ व्होल्ट मिळतात. व्होल्टना अँपिअर-तासांनी गुणिले की साठलेली ऊर्जा कळते. १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांच्या घटमालेत ९० वॅट-तास ऊर्जा असते. ३६ व्होल्टच्या तितक्याच अँपिअर-तासांच्या घटमालेत १८०. मनगटाएवढ्या फांद्यांना पहिली पुरते. दिवसभर बुंधे कापणाऱ्यास दुसरी, आणि तीही जोडीने, हवी. म्हणून केवळ व्होल्ट पाहून निवड करू नये.

उष्णतेने घट लवकर झिजतात. दिल्लीच्या उन्हात काम झाल्यावर घटमाला सावलीत निवू द्यावी, मगच भारित करावी.

आवाज कमी म्हणून धोका कमी, असे मात्र नाही. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकला तर करवत उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येते. साखळीस हात लावण्यापूर्वी घटमाला काढून ठेवावी. शिवाय १९९४ च्या दिल्ली वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्यास परवानगी लागते, हेही विसरू नये.